सभासद

धातू सद्, बाईंनी फळ्यावर लिहिलं
आणि हात झटकले. खडूची पूड पदरावर.
"सद् म्हणजे बसणे. सभेत बसतो तो सभासद.
सदन, संसद, परिषद,
सगळी एकाच सतरंजीवरची मंडळी."
खांबेटे बाई. अकरावी, संस्कृत, पहिला तास.
आणि मला आठवले माझे वडील,
जे बसत नसत.

गेनू भिलारे, शिपाई, वाचनालय, नारायण पेठ.
वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दिवशी
ते सकाळीच साठ लोखंडी खुर्च्या माडीवर न्यायचे,
दोन या काखेत, दोन त्या.
जमिनीवरच्या फरशीची रेघ धरून रांगा लावायच्या,
मग एकेकीच्या पाठीवर हात दाबून बघायचं
डगमगते का.
डगमगली तर पायाखाली जुन्या पोस्टकार्डाची घडी.
मग दाराशी उभे.

एकतीस अहवाल त्यांनी उभ्यानं ऐकले.
किती पुस्तकं गहाळ, किती वर्गणी थकीत,
कादंबऱ्यांवर एवढा खर्च कशाला,
आणि एकदा इतिवृत्तातल्या एका अनुस्वारावरून
पाऊण तास,
चहा दोनदा गरम करावा लागला.

एका वर्षी गणपूर्तीला पंचवीस हवे होते
आणि आले चोवीस.
सभा तहकूब करावी तर अध्यक्षांना रात्रीची गाडी.
गोगटे म्हणाले, "गेनू, तू पण बस रे. मोजायला."

वडील बसले.
शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर,
दवाखान्यात बसतात तसे, गुडघ्यांवर हात.
चिटणिसांनी हवेत बोट फिरवलं: पंचवीस.
वर्गणी सहावरून आठ रुपये. एकमताने मंजूर.
घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली
आणि मला विचारलं,
"सगळ्यांनी हात वर केला म्हणून मीही केला.
चाललं असेल ना?"
इतिवृत्तात त्यांचं नाव आलं नाही.
आकडा आला.

निवृत्तीनंतर त्यांनी आठ रुपये भरले.
पावतीवर निळ्या शाईत: सभासद, साधारण.
ती पावती रेशनकार्डात ठेवली, सभेला मात्र एकदाही गेले नाहीत.
"जाऊन काय बघायचं?
खुर्च्या वाकड्या लावल्या असतील."

पुढं केव्हातरी मी धातुपाठ उघडला.
बाईंना सांगायला उशीर झाला होता.
तिथं सद् पुढे बसणे नाहीच.
विशरण, गती, अवसादन:
विखुरणं, चालू लागणं, खचणं.
विषाद त्यातलाच. आणि प्रसादही, कसा कोण जाणे.
मी वहीत लिहून घेतलं आणि वाटलं,
आपल्याला हे ठाऊकच होतं की.
धंदा बसतो, घसा बसतो, पावसात भिंत बसते.
आणि मेळ बसतो, घडी बसते,
तेही बसणंच.

वाचनालय तसंच बसलं.
आधी माडी बंद, मग मासिकं बंद,
मग शेवटची सभा, तिला म्हणे सातजण,
आणि गणपूर्तीचं कुणी नाव काढलं नाही.
पुस्तकं कुठल्याशा कॉलेजात गेली.
खुर्च्या जुन्या बाजारात.

बुधवारी जाऊन मी शोधली.
कढया, पितळी नळ, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो,
त्यांच्यामागे अकरा खुर्च्या घडी घालून.
एकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ४१, वडिलांचा चार,
ते चार उलटा तीन काढल्यासारखा काढायचे.
तीनशे म्हणाला, एकशेऐंशीला दिली.

रिक्षात घालताना ती उघडली ती मिटेचना.
चारी पाय पसरून मागच्या सीटवर ऐसपैस.
रिक्षावाल्यानं मीटर टाकला, आरशात पाहिलं,
"बसली की ही. आता तुम्ही कुठं बसणार, मावशी?"